जावईबापूंची सोय

लिफ्ट तपासण्यात हयात गेलेल्या माणसाचा जगावर फारसा विश्वास उरत नाही. आधी स्वतः आत उभं राहून वर-खाली करायचं, मग सही, हा त्याचा दंडक. तो लिफ्टपुरता होता तोवर बायकोची काही तक्रार नव्हती.

आता प्रश्न जावईबापूंचा होता. जावईबापू म्हणजे घरचा कुत्रा. चांगली खुर्ची अडवायची, इकडची काडी तिकडे करायची नाही आणि मनधरणी केल्याशिवाय जेवायचं नाही, म्हणून बायकोनंच ठेवलेलं नाव. तिची धाकटी बहीण समुद्रकाठी राहायला गेल्यापासून दर वर्षी बोलावत होती आणि दर वर्षी ‘जावईबापूंना ठेवायचं कुठे’ इथे येऊन बेत आडवा पडायचा. यंदा बायकोनं बॅग आधी भरली होती.

“हे शेवटचं ठिकाण,” ती गाडीत म्हणाली. “इथेही नाक मुरडलंत तर मी एकटी जाते. तुम्ही दोघं बसा एकमेकांची तोंडं बघत.”

मागच्या सीटवरून जावईबापूंनी जांभई दिली.

आधीची ठिकाणं त्यानं केव्हाच निकालात काढली होती. एकीकडे कुत्र्यांना पोहायला तलाव होता, पण माणसांना कुणी बसा म्हणेना. दुसरीकडे मंद संगीत चालू होतं. लिफ्टमध्ये गाणी लावणाऱ्यांना कसला तरी आवाज झाकायचा असतो, हा त्याचा जुना अनुभव.

हे ठिकाण एका निवृत्त नर्सबाईंचं होतं. बैठं घर, मागे अंगण, अंगणाच्या कडेला ओळीनं खोल्या. त्यानं जाळी हलवून पाहिली, कडी ओढली, मोरीशी वाकून वास घेतला. काहीच खोट निघेना, तसा तो बेचैन झाला.

“मी जरा आत बसून बघतो,” तो म्हणाला. “बाहेरून कडी लावा.”

नर्सबाईंनी बायकोकडे पाहिलं.

“लावा,” बायको म्हणाली. “घट्ट लावा.”

आत बुटकी खाट होती, वर धुतलेलं कांबळं. कुत्र्याच्या उंचीवरून खोली कशी दिसते हे पाहायला तो आडवा झाला. खिडकीतून ऊन नेमकं पोटावर येत होतं.

बाहेर चहा झाला. जावईबापूंनी नर्सबाईंच्या चपलेवर हनुवटी टेकली आणि कुणी विनवणी न करता बिस्किट खाल्लं. नर्सबाई डोकावून आल्या.

“झोपलेत.”

“घोरतायत?”

“छान सुरात.”

“मग सही झाली म्हणायची,” बायको म्हणाली आणि तिनं उद्याची जागा पक्की केली.

त्याला जाग आली तेव्हा जाळीपलीकडे जावईबापू उभे होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात अंगणातून नर्सबाईंनी हाक मारली आणि जावईबापू शेपटी हलवत गेले. एका हाकेत. घरी घसा कोरडा पडायचा.

बायकोनं कडी काढली. “काय म्हणतात साहेब?”

“कडी कुरकुरते जरा.”

“तेल घालतील त्या.”

“मग हरकत नाही,” तो कांबळं नीट घडी करून ठेवत म्हणाला. गाडीत बसल्यावर मात्र त्याला नवी शंका आली. “तुझ्या बहिणीकडे खाट कशी आहे?”

“ती तुम्ही उद्या झोपूनच बघा,” बायको म्हणाली आणि तिनं गाडी सुरू केली.