यात्रेपुरती टिक

ओझरला राहायची सोय शोधली, की माझ्या दादाभाऊमामांच्या खोल्यांची वेबसाइट सगळ्यात वर यायची. यात्रा संपल्यावर मामांनी शोधलं, तर ती कुठेच दिसेना. वेबसाइट मी बनवलेली, म्हणून मामा फोनवर माझ्यावरच उखडले.

मी कळंबहून तणतणत पोचले. सगळी पानं तपासली, ती ठणठणीत होती. मग सेटिंग उघडलं. ‘ही साइट सर्चमध्ये दाखवू नका’, या ओळीपुढे टिक!

“मामा, ही कुणी केली?”

“मीच. यात्रेला सगळ्या खोल्या घरच्या पावण्यांना दिल्या व्हत्या. फोन करणाऱ्याला नाय म्हणायचं लई जिवावर येतं, म्हणून दुकान झाकलं. उघडायचं इसरलो.”

“आणि बोलणी मला?”

मामी हसत सुटली. “त्या पावण्यांत तूच व्हतीस की, तेजस्विनी! कोपऱ्यातल्या गार खोलीत घोरत पडलेली.”

मी गुपचूप टिक काढली.

आठवड्याभरात साइट वर आली आणि फोन वाजला. गिऱ्हाइकाला कोपऱ्यातलीच खोली हवी होती.

“ती सोडून कुठलीबी घ्या, राव,” मामा म्हणाले, “ती आमच्या भाचीची हाय.”