बैठकीतली पाठमोरी बाई

अमरसिंहतात्यांच्या बैठकीत माणसं चहासाठी यायची, पेपरासाठी यायची आणि तात्या बोलले की 'बरोबर हाय' म्हणायला यायची. त्यात चहाचं गिऱ्हाईक जास्त, हा हिशेब त्यांच्या बायकोचा, तुळजाबाईंचा. तो स्वयंपाकघराच्या दारातून मांडलेला असल्यामुळे सहसा चुकत नसे. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या बैठकीत त्यांच्या हातचं ताट गेलं, तांब्या गेला. त्या स्वतः काही बसायला गेल्या नव्हत्या.

म्हणून सुनेनं, प्रियदर्शनीनं, रविवारपुरती बैठक मागितली तेव्हा तुळजाबाईंनी कान टवकारले. सून संभाजीनगरला चित्रकला शिकलेली. गावातल्या पोरींना चित्रं शिकवायची, एवढीच तिची इच्छा.

तात्या एके काळी पंचायत समितीत बसलेले. तिथं कुणालाच 'नाही' म्हणत नाहीत, अट घालतात. तात्यांनी अट घातली. बैठकीच्या समोरच्या भिंतीवर सुनेनं चित्र काढावं. शनिवारी मंडळी बसतील. त्यांनी ते बघितलं, तर रविवार पोरींचा. नाही बघितलं, तर नांदूरघाटचा पेंटर येऊन बैलजोडी काढणार आणि विषय संपला. तात्यांना खात्री होती, आपण बोलत असताना भिंतीकडं कोण बघतंय!

प्रियदर्शनीनं बैलजोडीच्या जवळपासचं काही काढलं असतं तर निभावलं असतं. पण तिनं सासूला मोबाईलवर भलतंच चित्र दाखवलं. दुसऱ्या महायुद्धातलं. काढणारा जर्मन, फ्रान्समध्ये राहायचा. लढाई लागल्यावर तिथल्यांनी त्याला शत्रूचा माणूस म्हणून धरलं, मग तो कसाबसा अमेरिकेला निसटला. चित्रात सगळीकडं शेवाळलेले, कुजलेले, चाळणी झालेले खडक. ते खडक आहेत की पडलेल्या इमारती, की माणसंच, ते कळत नव्हतं. मधोमध पक्ष्याच्या डोक्याचा एक माणूस भाला धरून उभा आणि त्याच्याकडं पाठ करून एक बाई.

"ह्याचा अर्थ काय गं?"

अर्थ एकच असा नाही, असं सून म्हणाली. मोडलेला मुलूख तर दिसतोच. पक्ष्याच्या डोक्याचा माणूस म्हणजे कुणी शिपाई म्हणतं, कुणी म्हणतं खुद्द चित्रकारच.

"आन बाई?"

"तिचं तर कुणालाच नक्की सांगता येत नाही, आत्याबाई."

"त्यात काय सांगायचं? अबोला धरलाय तिनं."

खडक त्यानं ब्रशनं काढलेच नव्हते, हे मात्र तुळजाबाईंना नवल वाटलं. ओल्या रंगावर काच नाहीतर कागद दाबायचा आणि उचलायचा. रंग ओढला जातो, त्याला शिरा फुटतात, फोड येतात. मग त्या डागात काय दिसतं ते बघत बसायचं आणि जे दिसेल तेवढंच ब्रशनं उजळायचं. आधी ठरवायचं काही नाही.

भिंतीला प्रियदर्शनीनं खताच्या पोत्यातला प्लास्टिकचा कागद घेतला. रंग तिनं फासायचा, कागद दोघींनी दाबायचा. तळहातानं थापायचं म्हटल्यावर तुळजाबाईंना शिकवावं लागलं नाही. ओल्या फडक्यावर धपाटी थापण्यात त्यांची हयात गेलेली. सून म्हणाली, छान दाबताय. त्या कौतुकानं हात सैल सुटला आणि थापून झाल्यावर तुळजाबाईंनी सवयीनं मधोमध पाच बोटं रोवली, तव्यावर तेल सोडायला धपाट्याला भोकं पाडतात तशी.

कागद उचलला. हिरव्या-करड्या खडकांच्या ऐन मध्यावर पाच पांढरे ठिपके, कडेला रंगाची गोल वेटोळी.

तुळजाबाईंचं तोंड उतरलं. "बाई गं. तुजा रविवार घालिवला मी."

सून मागं सरून डागांकडं बघू लागली. मग म्हणाली, "पुसायचं नाही. त्यानं तरी काय ठरवून केलं होतं?" ठिपके तिनं तसेच ठेवले. वरच्या डागात तिला चोच दिसली, तिथं भालेवाला उभा राहिला. खालच्या डागात पदर दिसला, तिथं पाठमोरी बाई. अंबाडा मात्र ओळखीचा होता, असं तुळजाबाईंना वाटलं.

शनिवारी मंडळी जमली. तात्यांनी कारखान्याच्या निवडणुकीला हात घातला. बद्रीनाथ पहिल्या वाक्याला 'बरोबर हाय' म्हणाला, दुसऱ्याला त्याची नजर भिंतीवर गेली आणि तिसऱ्याला तो गप्पच. त्याला ते पाच ठिपके म्हणजे विहिरी वाटल्या. तात्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला आलेला म्हाळू दारातच चवड्यावर बसला होता. तो म्हणाला, विहिरी कशाच्या, अंधारात मेंढरांचे डोळे असेच दिसतात. बद्रीनाथ म्हणाला, डोळे पाच असतात काय बे? म्हाळू म्हणाला, एक मेंढरू मान वळवून बसलंय. तिथून जो वाद लागला, त्यात चहा गार झाला. असं या बैठकीत कधी घडलं नव्हतं, हे तुळजाबाईंनी दारातून नोंदवून घेतलं.

निवडणूक तशीच लोंबकळत राहिली. शेवटी तात्याही मान वर करून बघू लागले.

"त्यो चोचीचा कोन हाय?" त्यांनी विचारलं.

म्हाळूनं एकदा भिंतीकडं, एकदा तात्यांच्या नाकाकडं बघितलं आणि पागोटं सारखं केलं.

"आन ही बाई पाठ करून कावून हुबी हाय?"

तुळजाबाई ट्रे घेऊन आत आल्या. ट्रे खाली ठेवला आणि बाहेर न जाता भिंतीशी असलेल्या खुर्चीवर बसल्या. "रविवारची वाट बघती ती," त्या शांतपणे म्हणाल्या. "अट घालनारानं शब्द पाळला की वळंल."

मंडळींनी कपात तोंडं घातली. तात्या पंचायत समितीत उगाच बसले नव्हते. आपल्या विरोधातला ठराव मंजूर झाला की तो आपणच मांडला होता असं म्हणायचं, हे त्यांना येत होतं. ते म्हणाले, पोरींनी शिकलं पाहिजे हे तर मी आधीपासूनच म्हणतोय.

"बरोबर हाय," बद्रीनाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बैठक पोरींनी भरली, सतरंजीला रंग लागला आणि पुरुषमंडळी चहा घेऊन लिंबाखाली बसली. तुळजाबाई पोरींच्या मागं कागद दाबून देत होत्या, बोटं आवरून. खिडकीत तात्यांचं डोकं दिसलं.

"आगं, ती अजून वळली न्हाई," ते हळूच म्हणाले.

"रंग वाळलाय आता," तुळजाबाई म्हणाल्या. "मी वळलीय की. चहा पायजेल का?"