इंग्रजीत राहिलेली उमा

उमा सुपात तांदूळ निवडत होती आणि तोंडाने इंग्रजीतला निबंध म्हणत होती. अलकनंदाबाईंना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. पण लेक कुठे दम घेते आणि कुठे अडखळते, हे त्यांना ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

"थांबली काहून वं? काल तं इथं नव्हती थांबली."

"स्पेलिंग आठवून राह्यली, आई."

तेवढ्यात शेजारच्या मैनाबाई विरजण मागायला आल्या. जाता जाता उमाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "होशीन वं या साली पास. माह्या भाच्याचंबी इंग्रजी असंच कच्चं होतं."

उमाने मान खाली घातली. अलकनंदाबाई मात्र उगाचच चूल फुंकायला लागल्या.

बालाघाटच्या त्या मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होतं, की जंगलखात्यातल्या बडे बाबूंची, म्हणजे नीळकंठरावांची, उमा मागच्या साली बोर्डाच्या परीक्षेत इंग्रजीत राहिली. आता सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट खरी असतेच असं थोडंच आहे! उमा इंग्रजीत नापास झालीच नव्हती. ती त्या पेपरला बसलीच नव्हती. त्या सकाळी ती मागच्या पडवीत गोणपाटावर बसून होती. नीळकंठरावांच्या घरात कावळा शिवलेल्या बाईने चार दिवस कशालाही हात लावायचा नाही, अशी रीत होती, आणि पुस्तक तर साक्षात सरस्वती. तशात शाळेत जायचं, पेपर लिहायचा, तो मास्तरांच्या हाती द्यायचा, म्हणजे अख्ख्या शाळेला विटाळ! पण हे चारचौघांत सांगायचं कसं? त्यापेक्षा पोरीला ढ ठरवणं सोपं गेलं.

या वर्षी गुणाकर मास्तर संध्याकाळी शिकवायला येत. भला माणूस. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "बडे बाबू, मले एक गोष्ट समजत नाही. ही पोट्टी माह्यापेक्षा साफ इंग्रजी वाचते. राहिली कशी?"

नीळकंठरावांनी पानाच्या डब्यात डोकं घातलं. "नशीब, मास्तर. दुसरं काय!"

आत अलकनंदाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि गंमत अशी, की राग आला तो मास्तरांचाच. नको तिथे चौकशा कशाला करतो हा माणूस?

या खेपेला मात्र घरात पक्कं ठरलं होतं. इंग्रजी सुटलं तर उमाला किरनापूरच्या कन्याशाळेत शिकवायची नोकरी मिळण्यासारखी होती. नाही सुटलं, तर लांजीच्या स्थळाला होकार. वैशाखात लग्न, आणि सुनेने नोकरी करायची नाही, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. उमा रात्रंदिवस अभ्यासाला लागली होती. अडचणीच्या दिवसांतही तिने खंड पडू दिला नाही. ती पडवीत बसायची आणि अलकनंदाबाई दूर उभं राहून तिच्यासमोर पुस्तक उघडून धरायच्या. पहिल्या दिवशी उलटंच धरलं होतं. उमाने मान हलवली की पान उलटायचं. भाजी करपली तरी हात खाली यायचा नाही. आईची माया ती, पण तीही विटाळाच्या रेघेपलीकडे उभी राहून!

आणि ती रेघ राखत तरी कोण होतं? नीळकंठरावांनी जन्मात त्या गोष्टीचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. कधी विटाळ कालवल्याचा संशय आला, तर ते फक्त भरल्या ताटावरून उठून जात. बाकी सगळा पहारा अलकनंदाबाईंचाच.

या साली पेपरच्या दिवशी असं काही होऊ नये, म्हणून त्यांनी आपल्या समजुतीने तोड काढली. दिवस आधीच येऊन सरावे म्हणून त्या पोरीला पपई, तीळगूळ, सुंठेचा काढा असं एकामागून एक चारू लागल्या. बाहेर उन्हाळा तापायला लागलेला आणि पोटात हा मारा. उमाचं तोंड आलं, एकदा घोळणाही फुटला. "आई, पुरे कर ना वं," ती काकुळतीला यायची. "पी गुमान. तुह्याच भल्याचं आहे," म्हणून त्या पेला तिच्या ओठाला लावायच्या. रोज सकाळी लेकीच्या तोंडाकडे बघायच्या. विचारायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. उमाही आईची नजर चुकवून पुस्तकात डोकं घालायची. घरात दोघीही कुठे टिकून बसेनात.

पेपरचा दिवस उजाडला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! अलकनंदाबाई दही-साखरेची वाटी घेऊन आल्या, तर उमा देवघरापाशी नव्हती. ती मागच्या पडवीत होती. वेणी घातलेली, धुतलेलं पातळ नेसलेली, गोणपाटावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं. आपणहून जाऊन बसली होती.

"आई, पुस्तक आत उचलून ठेव," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "म्या नाही शिवली त्याले."

रडली असती, भांडली असती, तर अलकनंदाबाईंनी तिला दोन शब्द सुनावून गप्प केलं असतं. पण हे असं मुकाट्याने जाऊन बसणं! आपणच लेकीला हे शिकवलं, आणि हा धडा तिला किती चोख आला! त्यांना स्वतःची किळस आली.

त्या पुढे झाल्या, उमाचा हात ओढला आणि तळव्यावर दही घातलं.

"आई! शिवली तू मले!"

"हौ, शिवली. चाट लवकर अन् ऊठ."

आवाज ऐकून नीळकंठराव दारात आले. "काय चाललं हे?"

"उमा बाहेरची झाली, अन् मी तिले शिवली. पेपरले चाललो आम्ही."

"डोकं फिरलं काय तुह्यं? देवघर आहे घरात!"

"मागच्या सालीबी होतं. पोरगी ढ आहे म्हून तुम्ही गावभर सांगितलं, मी ऐकून घेतलं, तेबी देवानं पाह्यलंच असन."

इतक्या वर्षांत बायकोने उलट उत्तर दिलेलं नीळकंठरावांना आठवेना. ते काही बोलायच्या आत मायलेकी रस्त्याला लागल्या होत्या.

शाळेच्या फाटकापाशी गुणाकर मास्तर येरझारा घालत होते. "उशीर काहून केला, वहिनी?"

आजूबाजूला चार-दोन पोरांचे आईबाप उभे होते. पण अलकनंदाबाईंनी आवाज खाली घेतला नाही. "मास्तर, तुम्ही पुसत होते ना, पोट्टी राहिली कशी? ते राहिली नाही. बाहेर बसली होती, म्हून आम्हीच तिले येऊ नाही देलं. आजबी बाहेरचीच आहे. पण आज मी घेऊन आली."

एका बाईने पदर सावरून चार पावलं मागे घेतली. कोणीतरी खाकरलं. मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांच्याही घरी मागच्या दाराशी गोणपाट होतंच की. ते म्हणाले, "घंटी होऊन राह्यली. जाय उमा, घाबरू नको."

दहाला पेपर सुटेपर्यंत अलकनंदाबाई तिथेच भिंतीच्या सावलीला उभ्या होत्या. मग लेकीला घेऊन घरी आल्या, आंघोळ न करता तशाच स्वयंपाकघरात शिरल्या आणि चूल पेटवली. नीळकंठराव दारात घुटमळले. चुलीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि टोपी घालून उपाशीच ऑफिसला निघून गेले. अलकनंदाबाईंनी त्यांना थांबवलं नाही. त्यांनी चुलीपाशी पाट मांडला.

"इथं बसू?" उमाने उंबऱ्यापलीकडून विचारलं.

"मंग कुठं बसशीन?"

उमा बसली. पहिला घास तिने अगदी लहान घेतला. मग तिने आणखी भात मागून घेतला.

वाचकहो, उमा पास झाली की नाही, हे तुम्ही विचारणारच. सांगेन. पण आधी उठा आणि आपल्या घराच्या मागच्या पडवीत जरा डोकावून या. तिथे गोणपाटावर कोणी बसलेली असेल, तर तिला हाताला धरून आत आणा, तिच्या हाती पुस्तक द्या. मग उमाचा निकाल विचारा.