ज्वारीवरच्या माश्या

विजयमाला मंगळवेढ्याहून परतली ती एसटी स्टँडवरून थेट कॉलेजात. आई आजारी म्हणून तिनं आठवड्याची रजा काढली होती. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिचं टेबल लख्ख रिकामं होतं आणि मधोमध काचेची एकच बरणी. आत फळमाश्यांची नुसती गर्दी.

"धोंडीराम, माझ्या बाटल्या कुठं आहेत?"

"समद्या एकात केल्या की, बाई," शिपाई धोंडीराम म्हणाला. "तपासणी येणार म्हणून सायबांनी टेबल मोकळं करा म्हटलं. माश्याच त्या. येगळ्या कशापायी?"

विजयमाला स्टुलावर बसली.

बहात्तरच्या दुष्काळात माश्यांना घालायला केळी मिळेनात, तेव्हा तिनं निम्म्या माश्या आंबवलेल्या ज्वारीच्या पिठावर ठेवल्या होत्या. बहुतेक मेल्या. ज्या तगल्या, त्यांचीच प्रजा पुढं वाढली. तीन वर्षांत ज्वारीवाल्या बारीक, काळसर झाल्या. केळीवाल्या होत्या तशाच राहिल्या. दोघींची गाठ कधी पडली नाही. आता पडली तर जोड्या जमतील, की एकमेकींना परक्या मानतील? परक्या मानल्या, तर एका जातीच्या दोन जाती होऊ लागल्या असं म्हणता आलं असतं. आणि ह्या माणसानं सगळं कालवून ठेवलं; आता बरणीतली कुठली मादी कुणाशी जमली, ते कसं कळणार?

"तुमच्या घरी मेंढ्या आहेत ना?" ती म्हणाली. "दोन कळप हजारो पिढ्या एकमेकांपासून लांब राहिले, तर सारखेच राहतील?"

"मेंढ्या त्या मेंढ्याच की. आन् इतकं कोण बघत बसतंय?"

"मी बसले होते."

तिनं बरणी उचलून उजेडात धरली.

"रिकाम्या बाटल्या फेकल्या?"

"न्हाय. मोरीत हायेत. धुवायच्या ऱ्हायल्यात."

ती धावतच मोरीकडं गेली. निम्म्या बाटल्या पाण्यात बुडालेल्या. उरलेल्यांच्या आतल्या काचेला मात्र तपकिरी कोश चिकटून होते. चिठ्ठ्या भिजून गळाल्या होत्या, म्हणून तिनं एकेक बाटली हुंगली. कुठं केळं, कुठं आंबूस पीठ. धोंडीराम मदतीला वाकला.

"हात लावू नका," ती म्हणाली.

पुढच्या चार दिवसांत कोशांतून माश्या बाहेर पडल्या तशा तिनं नर-माद्या लगेच वेगळ्या केल्या, मग दोन्हीकडचे एकत्र सोडले आणि भिंग घेऊन बसली. ज्वारीवाला नर बहुतेक ज्वारीवालीकडंच जाई. पण मध्येच एखादा केळीवालीशी जमवून घेई. तिला चीड आली. धड एक जात नाही, धड दोन नाहीत.

"जमलं का, बाई?" धोंडीरामनं विचारलं.

"अर्धवट. अजून कितीतरी पिढ्या वेगळ्या ठेवायला लागतील."

"मग ठिवा की. म्या न्हाय हात लावायचा आता."

विजयमालानं मान हलवली, सगळ्या बाटल्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.