पहिल्या फेरीत बाय

जागेश्वर लाखनीच्या स्टँडवर एसटीतून उतरला तेव्हा शेजारच्या शकुनबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. पण त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या, त्याच्या मागं बघत होत्या. मागून एक म्हातारा उतरला, मग एक कोंबडी, मग कोंबडीचा मालक. मग कंडक्टरनं दार ओढून घेतलं आणि गाडी साकोलीकडे निघून गेली.

"बाय कुठी हाय?" शकुनबाईंनी विचारलं.

"कोनती बाय?"

"लपवू नोको आता. मी ओटीचं सामान आनलं. तिले नारळ चालते ना गा? का तिकडं दुसरं काई भरते?"

जागेश्वरच्या गळ्यात कांस्यपदक होतं. नागपूरपासून त्यानं ते शर्टाच्या बाहेर काढून ठेवलं होतं आणि नागपूरपासून कोणी त्याबद्दल विचारलं नव्हतं. शकुनबाईंनी ते जरा बाजूला सारून त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, पुन्हा एकदा गेलेल्या गाडीकडे बघितलं आणि ताटावर पदर झाकला.

तेवढ्यात त्याला फ्लेक्स दिसला. धनंजय फ्लेक्सवाला त्याच्या वर्गातला. मैत्रीत त्यानं हात आखडला नव्हता. डावीकडे रॅकेट धरलेला जागेश्वर आणि उजवीकडे सोनेरी केसांची एक गोरी मुलगी. खाली लिहिलं होतं : 'आंतरराष्ट्रीय टेनिसपटू जागेश्वरभाऊ व सौ. वहिनीसाहेब यांचे लाखनी नगरीत हार्दिक स्वागत.' मुलगी धनंजयनं इंटरनेटवरून उतरवली होती. तिच्या हातातली टूथपेस्ट त्यानं कापली होती, पण ब्रश राहून गेला होता.

जागेश्वर वीज कंपनीत लाइनमन होता. वय चाळीस. भंडाऱ्याला असताना एकदा साहेबांच्या टेनिस कोर्टावरचा दिवा बदलायला तो खांबावर चढला होता आणि खाली साहेबांचा जोडीदार आलेला नव्हता. "खाली उतर आणि समोर उभा राहा," साहेब म्हणाले. तो उभा राहिला तो राहिलाच. साहेब बदलत गेले, जागेश्वर समोर तसाच. त्याचा खेळ एका विशिष्ट दिशेनं वाढला. साहेब जिथं उभे असतील तिथंच चेंडू पोचवायचा आणि साहेबांना पुरेसा घाम आला की तो जाळीत घालायचा. साहेबांना जिंकवणं कोणालाही जमतं. साहेबांना शंका न येऊ देता जिंकवायचं, तर त्याला वर्षं जातात. त्याची गेली होती.

त्या वर्षी कझाकिस्तानातल्या अल्माटीला आशियाई वीज कर्मचारी क्रीडा महोत्सव भरला. धावणं, पोहणं, खांबावर चढणं आणि पुरुष एकेरी टेनिस. टेनिसला जे साहेब जायचे होते, त्यांनी परदेशी जायची बॅग कपाटावरून काढली आणि कंबर तिथंच राहिली. दुसऱ्या साहेबांच्या मुलीची बारावी होती. तिसरं नाव जागेश्वरचं निघालं. चौथं नाव नव्हतं.

अडचण एवढीच होती की जागेश्वरचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं. बऱ्याच मुलींनी नाही म्हटल्यावर ठरलं होतं. एकीला त्याचं वय नको होतं, एकीला दात, आणि एकीच्या आईला, जावई खांबावर चढतो, हे पटत नव्हतं. आसगावच्या रीतानं मात्र हो म्हटलं. ती अंगणवाडीत शिकवायची, चौतिशीची होती आणि रोज संध्याकाळी फोनवर बोलायची. एकदा तिनं टेनिस म्हणजे काय ते विचारलं. त्यानं सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे चेंडू जाळीच्या इकडून तिकडं," ती म्हणाली, "अन् मंग?"

"मंग तिकडून इकडं."

"मस्त हाय."

त्याच्या खेळाला आजवर कोणी मस्त म्हटलं नव्हतं. त्या रात्री तो झोपला नाही, आणि सकाळी खांबावर चढल्यावर कोणता फ्यूज बदलायचा तेच विसरला.

साक्षगंधाची तारीख त्यांनी स्पर्धा सुरू झाल्यानंतरच्या रविवारची काढली. तो पहिल्याच दिवशी हरून परत येणार, हे सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. जागेश्वरनं स्वतःसुद्धा. तिकीटही तसंच काढलेलं होतं.

पण पहिल्या फेरीत त्याला बाय मिळाली, न खेळताच पुढची फेरी. दुसऱ्या फेरीतल्या खेळाडूचा व्हिसाच झाला नाही. म्हणजे हरायला कोणी मिळेना. आयोजकांनी तिकीट पुढं ढकललं. हॉटेलच्या जिन्यात थोडं वायफाय लागत होतं, तिथं उभं राहून त्यानं रीताला फोन लावला. लागला नाही. आसगावात रेंजची बोंब असतेच, म्हणून त्यानं आईला, पुष्पाबाईंना लावला आणि ओरडून सांगितलं :

"माय, मले पयल्याच फेरीत बाय भेटली! दुसऱ्या फेरीत सामनेवाला आलाच नाई! आयतवारी मी येत नाई, आसगावले सांगून दे!"

वायफाय गेलं.

पुष्पाबाई फोन धरून बसून राहिल्या. भंडाऱ्यापासून बालाघाटपर्यंत बाय म्हणजे एकच वस्तू. दोन पायांची, पदराची. आणि फेरे किती असतात ते त्यांना ठाऊक होतं.

"एकाच फेरीत देऊन टाकली?" त्या शकुनबाईंना म्हणाल्या. "सात नसते का तिकडं?"

"कोनतं गाव म्हन्तं तू?"

"कझाकिस्तान."

"स्तान हाय ना? मंग तिकडं तसंच असते. अन् सामनेवाला म्हंजे तिचा पयला नवरा असन. तो आलाच नाई, म्हून याले देली."

दुसऱ्या दिवशी पेपरातही आलं. जिल्ह्याच्या पानावर, बारीक चौकटीत : 'लाखनीच्या जागेश्वरला बाय.' आता शंकेला जागाच उरली नाही.

पुष्पाबाई सरळ बाई. मुलानं आसगावला सांग म्हटलं, म्हणून त्या धाकट्या मनिषला घेऊन आसगावला गेल्या आणि शब्दन् शब्द सांगून आल्या. रीताचे वडील कृष्णराव यांनी तो सगळा शब्दन् शब्द ऐकला. मांडव घातला होता. आचारी बोलावला होता. नातेवाईक पवनीपर्यंत पोचले होते. कृष्णराव आत गेले, पोरीच्या फोनमधलं सिम काढून खिशात टाकलं आणि बाहेर येऊन मनिषकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

मनिषचं हायवेवर पंक्चरचं दुकान होतं. वय एकतीस, दात सरळ. मोठ्याचं झाल्याशिवाय धाकट्याचं करायचं नाही, म्हणून आजवर त्याच्यासाठी कोणी मुलगी बघितली नव्हती. आता मोठ्याचं झालं होतं.

"तुमी काय म्हन्ता पावणे?" कृष्णरावांनी विचारलं.

मनिष नाही म्हणाला नाही.

रविवारी आसगावात साक्षगंध झालं आणि त्याच दिवशी अल्माटीत उपान्त्य सामना झाला. मधल्या सामन्यातला माणूस घोटा मुरगळून घरी गेला होता, त्यामुळे जागेश्वर एकही चेंडू न मारता उपान्त्य फेरीत पोचला होता. समोर एक उझबेक इंजिनिअर होता. जागेश्वरनं ठरवलं होतं की आज चेंडू मोकळ्या जागेत मारायचा. हाताला मोकळी जागा सापडेना. मारला की चेंडू इंजिनिअरच्या रॅकेटवर. मारला की त्याच्याच रॅकेटवर. जणू त्यानं पत्ता देऊन ठेवला होता. त्याला थोडा घाम आल्याचं दिसलं की जागेश्वरचा पुढचा चेंडू आपोआप जाळीत. सहा-लव्ह, सहा-लव्ह. शून्याला लव्ह म्हणायचं ज्यानं ठरवलं, त्याचं नक्कीच लग्न झालेलं असणार. सामना संपल्यावर इंजिनिअरनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि इतका चांगला जोडीदार आपल्याला कुठंच मिळाला नाही, असं दुभाष्याकरवी सांगितलं.

उपान्त्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य मिळत होतं.

तर हे सगळं जागेश्वरला घरी पोचल्यावर कळलं. पुष्पाबाईंनी आधी दाराबाहेर डोकावून बघितलं.

"एकटाच आलास?"

"माय, बाय म्हंजे सुट्टी. सामना न खेळता पुढं जाते, त्याले बाय म्हन्ते."

"मंग सुट्टी म्हन ना! बाय काहून म्हन्तं?"

"अन् फेरी म्हंजे राउंड."

"मंग राउंड म्हन! कझाकिस्तानात जाऊन मराठी कायले बोलतं तू?"

मनिष कोपऱ्यात बसून स्वतःच्या चपलांकडे बघत होता. त्याच्या बोटात नवी अंगठी होती.

"दादा," तो म्हणाला, "मले वाटलं तुयं झालं."

"हो."

"मले कोनी सांगतलंच नाई."

"मीच सांगतलं," जागेश्वर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आसगावला गेला. भात कापून झाला होता, कृष्णराव अंगणात खाटेवर बसले होते. जागेश्वरनं पहिल्यापासून सांगितलं. बाय, व्हिसा, घोटा. कृष्णरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकेक बोट दुमडत विचारायला लागले.

"म्हंजे बाय नाई."

"नाई जी."

"पयला सामना खेळले नाई."

"नाई."

"दुसरा?"

"नाई. तिसराबी नाई."

"अन् चौथा?"

"हारलो."

कृष्णरावांनी मूठ उघडून हाताकडे बघितलं. हातात काहीच नव्हतं.

"पावणे, राग नोका मानू," ते म्हणाले. "बाय आनली असं समजलो, तवा मी चिडलो. पन मनात म्हटलं, माणूस काई तरी करून आला. आता तुमी म्हन्ता तेबी नाई."

"पन माझी काई चूक..."

"चूक कोन म्हन्ते? साक्षगंध झालं. चारशे पान जेवलं. आता परत कसं मोडू? अन् मोडून तरी काय?" कृष्णरावांचा आवाज एकदम मऊ झाला. त्यांना खरोखरच दिलासा द्यायचा होता. "पोरगी तं तुमच्याच घरी येऊन राहिली ना?"

जागेश्वर उठला तेव्हा रीता पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"फोन तरी लावाचा होता," ती म्हणाली.

"लावला. नागपूरवरूनबी लावला. बंद होता."

"बाबानं शिम काढून घेतली." तिनं लोटा पुढं केला. "मीबी खरं मानलं. पेपरात होतं ना."

त्यानं पाणी प्यायलं. तिला काहीतरी आणखी बोलायचं होतं. पण आतून आईनं हाक मारली, "रीता, भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घे बाई," आणि तिला पहिल्यांदाच आठवलं की नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे भासरा, आणि तो आता हाच. तिनं लोटा खाली ठेवला आणि पदर घेतला.

लग्नात मांडवाची लाइट जागेश्वरनंच केली. नाही केली असती तर लोकांनी नावं ठेवली असती. केल्यावर लोकांनी खालून ओरडून सांगितलं, "जागेश्वरभाऊ, जरा नवरीवर पाडा ना उजेड!" त्यानं पाडला. पंगतीत त्याच्या फारिनच्या बायकोबद्दल दोन मतं होती. काहींच्या मते तो तिला टाकून आला. जी माणसं दयाळू होती, ती म्हणत होती की तिनंच टाकलं असावं. सगळं खोटं होतं, असं मानणारं एकही माणूस पंगतीत नव्हतं. पेपरात होतं ना.

घर दोन खोल्यांचं आणि एक ओसरी. आजकाल भासऱ्याचं एवढं कोणी पाळत नाही. शकुनबाईंची सून भासऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून बाजाराला जाते. पण पुष्पाबाईंनी ठरवलं, आपल्याकडे पाळायचं. "आदी सोयरीक झाली होती तुमची. लोकं तेच पायत राह्यते," त्या म्हणाल्या. म्हणून सगळं रीतसर ठरलं. रीतानं त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्यासमोर तोंड दिसू द्यायचं नाही. त्यानं घरात पाऊल टाकण्याआधी खाकरायचं, म्हणजे बायांना पदर घेता येतो. दोघांमध्ये काही निरोप असेल तर तो पुष्पाबाईंकरवी.

एका सकाळी पुष्पाबाई शकुनबाईंकडे गेल्या होत्या आणि मनिष दुकानावर. जागेश्वरची ड्युटीची वेळ झाली. तो ओसरीत बसून होता, ती आत चुलीशी. मध्ये कोणीच नव्हतं, फक्त भिंत होती. मग आतून भिंतीला उद्देशून आवाज आला.

"जेवन झालं म्हना."

जागेश्वरनं इकडे तिकडे बघितलं. मग तोही भिंतीला म्हणाला, "येऊन राहिलो म्हना."

तो खाकरून आत गेला. तिनं एका हातानं पदर चेहऱ्यावर धरला होता आणि दुसऱ्या हातानं वाढत होती. एका हातानं भाकरी वाढताना ती थोडी मोडली.

"भाजी आनखी लागते का म्हना."

"नाई म्हना."

"तिखट झाली का म्हना."

तो घास धरून थांबला. त्याला बरंच काही म्हणायचं होतं आणि भिंत समोरच होती.

"बरोबर हाय म्हना," तो म्हणाला.

जेवण झाल्यावर त्यानं ताट स्वतःच विसळलं आणि पालथं घातलं. ओसरीत येऊन खांबावर चढायचा पट्टा खांद्यावर टाकला, चपला घातल्या. आतून भांड्यांचा आवाज येत होता, सावकाश, अडखळत. पदर धरलेला हात मोकळा नसला की जसा येतो तसा. तो फाटकाबाहेर आला, कडी लावली आणि तिथं उभा राहून एकदा मोठ्यानं खाकरला. येताना खाकरायचं असतं. तो जाताना खाकरला.

आत क्षणभर सगळं थांबलं. मग भांडी दोन हातांनी वाजू लागली.