“सोडा म्हणाले का?”

मतदानाच्या तोंडावर पोलिसांनी तिच्या धाकट्या भावाला उचललं. कोठडीत मार खाल्लेल्या माणसांच्या तक्रारी तो लिहून घ्यायचा, एवढाच त्याचा गुन्हा. ती परदेशी वकिलातीत दुभाषी होती. साहेबांनी अटकेविरुद्ध निवेदन काढायचं ठरवलं, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. पहिल्या मसुद्यात ‘ताबडतोब सुटका करा’ असं स्पष्ट होतं. दुपारी साहेबांना वरून फोन आला आणि त्या जागी ‘तीव्र चिंता वाटते’ एवढंच उरलं. तिने मुकाट्याने भाषांतर केलं.

घरी आई रेडिओला कान लावून बसली होती.

“काय गं, काय म्हणाले तुझे साहेब?”

“चिंता वाटते म्हणाले.”

“चिंता तर मलाही वाटते. सोडा म्हणाले का?”



निवडणूक झाली, जुनंच सरकार पुन्हा आलं. भाऊ आतच होता. साहेबांनी अभिनंदनाचा संदेश भाषांतरासाठी तिच्यापुढे सरकवला.

“हे माझ्याच्याने होणार नाही,” ती म्हणाली. पर्स उचलून ती थेट तुरुंगाच्या फाटकाशी गेली आणि भेटीसाठी रोज रांगेत थांबणाऱ्या आईशेजारी उभी राहिली. त्या दिवशीही भेट मिळाली नाही.