लेकीच्या नावाचा नवस

तुम्ही विशी ओलांडलेली मुलं. संसार अजून पुढे आहे. तरीही क्षणभर कल्पना करा, की लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत, नवरा-बायकोत प्रेम आहे, आणि एक दिवस आपलंच शरीर आपलं ऐकेनासं होतं. हे तुम्ही कुणाला सांगाल?

लासलगावजवळच्या एका खेड्यातल्या रंगनाथनं कुणालाच सांगितलं नाही. त्याला मधुमेह होता. गोळ्या तो आठवण येईल तेव्हा घ्यायचा. मधुमेह रक्तवाहिन्या आणि नसा हळूहळू निकामी करतो. मग मनात इच्छा असूनही लिंगात पुरेसं रक्त भरत नाही, ताठरता येत नाही. हा आजार आहे, नामर्दपणा नव्हे. पण रंगनाथला दुसराच शब्द ठाऊक होता. त्यानं बायकोकडे, कुसाबाईकडे, पाठ करून झोपायला सुरुवात केली.

त्याच सुमारास त्यांची लेक निकिता डेंग्यूनं आजारी पडली. पोरगी दवाखान्यातून बरी होऊन आली, तेव्हा रंगनाथ कुसाबाईला म्हणाला, "सप्तशृंगीला नवस बोललोय मी. पोरीचं लग्न होईस्तोवर ब्रह्मचर्य पाळीन."

असा कुठलाच नवस तो बोललेला नव्हता. पण कुसाबाईनं देव्हाऱ्यापुढे हात जोडले आणि आपली गोधडी उचलून लेकीच्या खोलीत नेली.

कांदे निंदताना बायका तिला चिडवायच्या. "लेकीसाठी नवरा जोगी झाला गं बाई!" भागीबाई म्हणायची, "आमचं येडं तर एकादशीलाबी ऐकत नाय." सगळ्या हसायच्या. कुसाबाईही हसायची.

सहा वर्षं गेली. निकिता नाशिकला नोकरीला लागली, इंदिरानगरात खोली घेऊन राहू लागली. घरात दोघंच उरली, तरी कुसाबाईची गोधडी त्याच खोलीत राहिली. रंगनाथला ते सोसवेना. शेवटी तो नाशिकच्या एका मूत्ररोगतज्ज्ञाकडे गेला. डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या, मग इंजेक्शन दिलं. कशाचाच उपयोग झाला नाही, तेव्हा त्यांनी इम्प्लांटबद्दल सांगितलं.

"लिंगात दोन पोकळ नळ्या बसवतो. मिठाच्या पाण्याची छोटी पिशवी ओटीपोटात आणि पंप अंडकोशाच्या पिशवीत. बाहेरून काही दिसत नाही. पंप दाबला की पाणी नळ्यांत येतं, ताठरता येते. काम झालं की कळ दाबायची, पाणी परत जातं."

"आन् जाणीव?"

"स्पर्श आधी जितका कळत होता, तितकाच कळेल. इच्छा मात्र यानं वाढत नाही, ती तुमची तुम्हालाच. एकदा बसवल्यावर आपोआप येणारी ताठरता कायमची जाते, म्हणून नीट विचार करा. आणि साखर आटोक्यात आणा, नाहीतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. बायकोला घेऊन या. हे दोघांचं आहे."

रंगनाथनं मान हलवली. साखर आटोक्यात आणली, पण बायकोला नेलं नाही. घरी सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन आहे. कुसाबाईनं महिनाभर त्याला बादली उचलू दिली नाही.

जखम भरली. डॉक्टरांनी पंप वापरायला शिकवलं. सगळं ठीक चाललं. एका दुपारी तो लेकीच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"कुसा, गोधडी आण परत."

ती दचकली. "आवं, नवस?"

"देवीला साडीचोळी देऊन सोडवून घेऊ."

"पोरीचं लग्न कुठं झालंय? तिच्या जिवाशी सौदा करता व्हय?" ती भिंतीला टेकली.

मग त्याला सगळं सांगावं लागलं. आजार, ऑपरेशन, आणि नवस नव्हताच हेही.

कुसाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दुखणं सांगितलं असतं तर हाताला धरून मीच नेलं असतं तुम्हाला. लाज वाटली, तेबी समजलं असतं. पण पोरीचं नाव घेतलंत! तिला जरा कणकण आली, की मला वाटायचं, रातीला माझ्या मनात तुमचा इचार आला म्हणून आली. सहा वर्सं मी मलाच गुन्हेगार धरलं."

"चुकलो, कुसा."

"ऑपरेशन चांगलं झालं ना?"

"झालं."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि आपल्या कपड्यांची पिशवी भरू लागली.

ती निकिताकडे गेली. लेकीला एवढंच म्हणाली, "तुझ्यासाठीचा नवस खोटा होता." बाकीचं नवरा-बायकोचं होतं, ते तिनं सांगितलं नाही.

आठवड्यानं रंगनाथ इंदिरानगरला आला. दार निकितानं उघडलं. आतून कुसाबाईचा आवाज आला, "त्यांना सांग, मी झोपलेय."

रंगनाथनं ते ऐकलं. "असू दे," म्हणाला आणि वळला.

निकितानं पायात चपला सरकवल्या आणि दार ओढून घेतलं. काही न विचारता ती वडिलांबरोबर जिना उतरली, थांब्यापर्यंत चालत गेली, आणि बस येईपर्यंत त्यांच्या शेजारी उभी राहिली.